शिराळ्याचा मारुती आणि समर्थ

शके १५३० च्या रामनवमीस जांब गावी ठोसरांच्या कुळात नारायण जन्मले. तेच पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाले. टाकळीस बारा वर्षे तपश्चर्या व तितकीच वर्षे तीर्थाटन करून ते कृष्णातीरी आले. परचक्राने खचलेल्या गावांस बलोपासनेचे दैवत हवे, हे ओळखून सुमारे दहा वर्षांत त्यांनी अकरा मारुती स्थापिले. शहापूरची मूर्ती चुन्याची आहे. आपल्या शिराळ्यात सन १६५४ मध्ये स्थापिलेल्या उत्तराभिमुख मूर्तीच्या दोन्ही बाजूंस झरोके असून उदयास्ताचे किरण मुखावर पडतात. शके १६०३ मध्ये सज्जनगडी समर्थांनी देह ठेविला. मुलांस दर्शनास नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्यांस सूर्यनमस्कारही शिकवावेत. तरच या स्थापनेचा हेतू आपल्या घरात सफळ होईल.