राजाने माती दिली, पेठांनी ती राखली

सकाळी सहाची बॅच, मग कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास आणि रात्री टेस्ट सिरीज. तुम्ही लातूर किंवा नांदेडमध्ये शिकत असाल, तर हे वेळापत्रक तुमच्या चांगलंच ओळखीचं असेल. यात मैदान कुठं बसतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: परीक्षा होऊ दे, मग बघू. पण अभ्यास की खेळ, असा सवालच ज्यांनी कधी उभा केला नाही आणि शाळा व तालीम दोन्हींना सारखाच हात सैल सोडला, अशा एका राजाची ही गोष्ट आहे.

राजर्षी शाहू महाराज तुम्हाला माहीत आहेत ते आरक्षणामुळं, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणामुळं, वसतिगृहांमुळं. तालमीतले शाहू मात्र पाठ्यपुस्तकात फारसे भेटत नाहीत.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात ते जन्मले. नाव यशवंतराव. दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं. अंगापिंडानं धिप्पाड, कुस्तीचा आणि घोडेस्वारीचा मनापासून नाद. २ एप्रिल १८९४ ला कारभार हातात आला तेव्हा वय होतं एकोणीस. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांएवढंच!

सुरुवातच खडतर झाली. दोन-तीन वर्षांत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकानं उघडणं, लोकांना काम देणं, जनावरांना चारा पुरवणं यातच ती वर्षं गेली. रयतेचं पोट आणि आरोग्य राज्याशी कसं बांधलेलं असतं, हे त्यांनी इतक्या कोवळ्या वयात जवळून पाहिलं.

१९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. ते तिकडं असतानाच, २६ जुलै १९०२ ला, मागास समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला. याच दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल मैदान पाहिलं आणि कुस्तीसाठी आपल्याकडंही असं काही उभारायचं मनात घेतलं, असं कोल्हापुरात सांगतात. १९०७ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं.

कधी कोल्हापूरला गेलात तर हे मैदान नक्की पाहा. मधोमध तांबड्या मातीचा गोल हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. मध्ये एकही खांब नाही. पुढं बसा की पार मागं, पैलवानाचा डाव सगळ्यांना सारखाच दिसतो. पंजाबचे नामांकित मल्ल इथं लढायला येत. पण त्यांना बघायला हजारोंनी बसायची ती साधी माणसं. घरी जाताना तोच डाव मनात घोळवत जायची आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पोराला तालमीत धाडायची.

खरी मेख इथंच आहे. नुसतं मैदान बांधून शहर खेळायला लागत नाही. शाहूंनी मैदानाच्या मागं जी साखळी लागते तिच्याकडं लक्ष दिलं. पैलवानाला खुराक लागतो, म्हणून त्यांना आश्रय दिला. शिकवायला वस्ताद लागतो, म्हणून वस्तादांना मान दिला. आणि रोज जायला घराजवळ जागा लागते, म्हणून पेठांमधल्या तालमींना बळ दिलं. तालीम ही नुसती जोर-बैठका मारायची जागा नव्हती. पेठेतली माणसं तिथं जमायची, सण करायची, अडल्यानडल्याला धावून जायची.

याला एक मर्यादाही होती, ती लपवायला नको. ही तालीम पोरांची होती, पोरींची नव्हती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं, तीही सांगलीत.

शेवटची वर्षं दुःखाची गेली. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. धिप्पाड शरीर आजारानं पोखरत गेलं. तरी काम थांबलं नाही. सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यता मोडणारे हुकूम १९१९ चे, तर डॉ. आंबेडकरांसोबतची माणगाव परिषद १९२० ची. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले. वय अवघं सत्तेचाळीस.

राजा गेल्यावर सगळं आटपायला हवं होतं, नाही का? १९४९ मध्ये तर संस्थानही विलीन झालं. पण तालमी टिकल्या, कारण तोवर त्या राजवाड्याच्या राहिल्या नव्हत्या, पेठेच्या झाल्या होत्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधव याच शहरात राजाराम कॉलेजात शिकत शिकत कुस्ती खेळले. कोल्हापुरात आज फुटबॉलचं वेड आहे, पण संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. खेळ बदलला, तालीम तीच राहिली.

आता आपल्याकडं या. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा एक मुलगा कुस्तीसाठी थेट कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेला. तो पुढं १९६९ चा महाराष्ट्र केसरी झाला आणि १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. ते हरिश्चंद्र बिराजदार. अभिमान वाटतो ना? वाटायलाच पाहिजे. पण त्याबरोबर हेही मनात येऊ द्या, की आपल्या मातीतल्या पोराला माती शोधायला एवढ्या लांब का जावं लागलं?

आपल्याकडं कुस्तीचं प्रेम कमी नाही. माळेगावच्या यात्रेतली दंगल बघा, माणसांना उभं राहायला जागा नसते. पण यात्रा चार दिवसांची. वर्षातले उरलेले दिवस काय?

शाहूंचं आयुष्य वाचल्यावर त्याचं उत्तर फार अवघड वाटत नाही. त्यासाठी राजा लागतोच असं नाही, कारण राजा नसतानाही पेठांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षं तालमी चालवून दाखवल्यात. लागतं ते इतकंच: घराजवळ एक मोकळी जागा, शिकवणारं एक जाणतं माणूस आणि रोज ठरल्या वेळी येणारी दहा-बारा पोरंपोरी. जागा कॉलेजच्या मागं बहुतेक आहेच, तिथं सध्या गवत वाढलंय. जाणता माणूस गल्लीत विचारलं तर सापडेल. राहिली दहा-बारा पोरंपोरी. उद्या सहाच्या बॅचला शेजारी कोण बसतंय, ते एकदा बघून घ्या.