डॉ. क्रेव्हन आणि ॲस्पिरिनची गोळी

हृदयविकाराच्या इतिहासात डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांचे नाव आवर्जून घेतले जाते. १८८३ मध्ये जन्मलेले क्रेव्हन अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ग्लेनडेल येथे जनरल प्रॅक्टिस करीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियाही ते करीत. त्यानंतरच्या वेदनेसाठी रुग्ण ॲस्पिरिन असलेले च्युइंगगम चघळत. काहींचा रक्तस्राव थांबता थांबेना, तेव्हा क्रेव्हन यांनी चौकशी केली. हे गम ज्यांनी भरपूर चघळले होते, त्यांनाच हा त्रास होत होता.

ॲस्पिरिनमुळे रक्त गोठत नसेल, तर हृदयाच्या रोहिणीत होणारी गुठळीही त्याने टळेल, असा तर्क त्यांनी केला. आधी त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. रोज १२ गोळ्या घेतल्यावर पाच दिवसांत नाकातून रक्त आले. मग मध्यमवयीन, स्थूल आणि बैठे काम करणाऱ्या पुरुषांना ते रोज एक-दोन गोळ्या देऊ लागले. १९५० मध्ये सुमारे ४०० जणांची आणि १९५६ मध्ये सुमारे ८,००० जणांची माहिती त्यांनी प्रसिद्ध केली. एकालाही झटका आला नाही, असा त्यांचा दावा होता.

मात्र ज्यांना गोळी दिली नाही, अशा लोकांचा गट तुलनेसाठी नव्हता. त्यामुळे हा गुण गोळीचा की योगायोगाचा, हे ठरवता येत नव्हते. लेखही लहान नियतकालिकांत छापले गेले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन यांचेच हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले.

रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटण्याचे ॲस्पिरिनमुळे कमी होते, हे पुढे स्पष्ट झाले. १९८८ मध्ये १७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोणाला ॲस्पिरिन आणि कोणाला औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. झटक्याच्या सुमारास ॲस्पिरिन सुरू केलेल्यांमध्ये पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. क्रेव्हन यांचा तर्क बरोबर ठरला, पण अर्धाच. निरोगी ज्येष्ठांवरील २०१८ च्या मोठ्या चाचणीत हृदयाला लक्षणीय फायदा दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

म्हणून ‘रक्त पातळ करणारी’ ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. डॉक्टरांनी दिली असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय बंदही करू नये.