पाऊण टनी घोडा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाचे स्पीड ब्रेकर बरेच लागतील. सांभाळून घ्या. संपादक मंडळाने थोर व्यक्तींवर लेख मागितले तेव्हा विश्वेश्वरय्या आणि कलाम सर आधीच बुक झाले होते. मी निवडला एक अमेरिकन लेखक, जॉन स्टाइनबेक. लेखक असला तरी तो आपल्या ब्रँचचा माणूस होता, हे पुढे वाचलंत तर पटेल.

त्याची आणि माझी भेट एका फुटलेल्या टायरमुळे झाली. गेल्या वर्षी आमची टीम स्वतः बनवलेली ऑफ-रोड गाडी घेऊन स्पर्धेला निघाली. भाड्याची पिकअप केली होती आणि सामान भरायची जबाबदारी माझ्याकडे होती. आमची गाडी हौद्यात पुढे चढवली. वेल्डिंग मशीन, टूलबॉक्स, पाण्याचे कॅन, सगळ्यांच्या गाद्या हे सगळं मागे, अगदी फाळक्याला टेकवून. ड्रायव्हरकाका दोनदा म्हणाले की ताई, माल मागे जास्त झालाय, पाटे बसलेत. मी म्हटलं, चालतंय हो काका. घाटात मागचा टायर फुटला. पिकअप उलटली नाही हे नशीब, पण टूलबॉक्सवर बसलेला आमचा एक ज्युनिअर खाली फेकला गेला आणि त्याचा हात मोडला. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्कशॉपमध्ये फिरकलेच नाही, लायब्ररीत बसून राहायचे. लायब्ररीतल्या सरांना सगळी हकिकत माहीत होती. त्यांनी एक दिवस ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि ते निघून गेले. शाळेत आम्हाला या लेखकाची ‘द पर्ल’ होती, एवढंच मला आठवत होतं. आता तो इतका ओळखीचा झालाय की मी त्याला अरे-तुरेच करणार आहे.

स्टाइनबेकचा जन्म 27 फेब्रुवारी 1902 ला कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी झाला. शेतीचा भाग, आई शिक्षिका. 1919 मध्ये तो स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. मध्येच कॉलेज सोडायचा, कामाला जायचा, परत यायचा. 1925 मध्ये डिग्री न घेताच कायमचा बाहेर पडला. (एटीकेटीवाल्यांनी खूश होऊ नये, पुढे बरेच हाल आहेत!) त्याने शेतावर मजुरी केली, साखर कंपनीत काम केलं, न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बांधकामावर हातगाडीने सिमेंट वाहिलं. वजन वाहणं म्हणजे काय हे त्याला पाठीने कळलं होतं.

1936 साली एका वर्तमानपत्राने त्याला स्थलांतरित शेतमजुरांवर लिहायला सांगितलं. ओक्लाहोमाकडची हजारो कुटुंबं दुष्काळ, धुळीची वादळं आणि कर्ज यामुळे जमिनी सोडून कॅलिफोर्नियाला येत होती. स्टाइनबेकने एक जुना बेकरीचा ट्रक घेतला, त्यात झोपायची सोय केली आणि त्यांच्या छावण्यांतून फिरला. म्हणजे चाकांवरचं त्याचं पहिलं घर हे!

त्या फिरण्यातून 1939 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी आली. तिला 1940 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. थोडक्यात काय तर ही एका ओव्हरलोड गाडीची गोष्ट आहे. जोड कुटुंब एक जुनी हडसन मोटार घेतं, ती कापून तिचा ट्रक बनवतं आणि सगळा संसार लादून निघतं. सोळा वर्षांचा अॅल जोड गाडी चालवताना सतत इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून असतो. सोबतच्या एका कुटुंबाच्या गाडीचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं, तेव्हा दोघे भाऊ भंगारातून भाग आणून ते काम कसं करतात हे इतकं बारकाईने लिहिलंय की आयसी इंजिनच्या सबमिशनला तसंच्या तसं देता येईल. निघताना घरची बारा माणसं असतात, आणि एक धर्मोपदेशक बरोबर यायचं म्हणतो. गाडी तेराव्याचं वजन घेईल का, असा प्रश्न पडतो. आई सगळ्यांचं ऐकून घेते आणि म्हणते की गाडीला झेपेल का हे बाजूला ठेवा, आपली न्यायची इच्छा आहे का ते सांगा. तो येतो.

इथे मी अडकले. मीही जास्त वजन घेतलं होतं. मग तिचं बरोबर आणि माझं चूक कसं?

उत्तर स्टाइनबेकच्याच आयुष्यात पुढे सापडलं. 1960 साली तो 58 वर्षांचा होता. नाव, पैसा सगळं होतं, तब्येत मात्र ढासळत होती. आपण आपल्या देशावर लिहितो पण कित्येक वर्षांत तो पाहिलेलाच नाही, हे त्याला सलत होतं. त्याने जीएमसी कंपनीची नवी पिकअप मागवली, पाऊण टन वर्गातली, आणि तिच्या हौद्यावर बसणारं लहान बोटीच्या केबिनसारखं घर बनवून घेतलं. मागे ट्रेलर ओढायचा नाही हे त्याचं आधीच ठरलं होतं, कारण डोंगरातल्या रस्त्यांवर तो वळवायला आणि गावात उभा करायला त्रास. घरात डबल बेड, चार बर्नरची शेगडी, गॅसवरचा हीटर आणि फ्रीज, सगळं होतं. गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. बरोबर चार्ली नावाचा म्हातारा पूडल कुत्रा.

आता आपल्या विषयाकडे येऊ. पिकअपच्या हौद्यावर घर ठेवलं की तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, वजन. गाडीचं कमाल परवानगी असलेलं एकूण वजन वजा तिचं स्वतःचं वजन, एवढंच आपल्या हातात उरतं. त्यात घर, माणसं, कुत्रा, भांडी, गॅस सगळं आलं. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. जाड पाटे टाकले की गाडी सरळ उभी दिसते, पण अॅक्सल आणि टायरची ताकद काही वाढत नाही. दुसरी, गुरुत्वमध्य. तो मागच्या अॅक्सलच्या थोडा पुढे पडायला हवा. मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटतं. माझ्या फाळक्याजवळच्या ढिगाने नेमकं हेच केलं होतं. शिवाय उंच घरामुळे गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून वळणावर वेग कमी. तिसरी, बांधणी. घर चारही बाजूंनी चॅसिसला पक्कं बांधायचं, हौद्याच्या पातळ पत्र्याच्या भरवशावर राहायचं नाही, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळे आवळे पुन्हा तपासायचे.

स्टाइनबेकला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. तरीही त्याने हत्यारं, सुटे भाग, बंदुका, डबाबंद खाणं असं भरमसाट भरलं. वाचायची राहून गेलेली पुस्तकंच 150 पौंड, म्हणजे 68 किलो! पाऊण अमेरिकन टन म्हणजे 1500 पौंड. वर्गाच्या नावाप्रमाणे धरलं तर एक दशांश भार नुसत्या पुस्तकांचा. सामान गरजेच्या चौपट झालं होतं, असं त्याने नंतर स्वतःच कबूल केलं.

23 सप्टेंबर 1960 ला तो न्यूयॉर्क राज्यातल्या सॅग हार्बरहून निघाला. मेन, शिकागो, मोंटाना करत पश्चिमेला पोचला. (झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी आणि साबण घालून ती त्याने रबरी दोरीने टांगली होती. गाडीच्या हिसक्यांनी कपडे आपोआप धुतले जायचे. हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी.) मग ओरेगॉनमध्ये, एका रविवारी, भर पावसात मागचा टायर फुटला. जास्त भाराचा टायर चालताना जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, तापतो आणि आतले थर सुटतात. चिखलात आडवं पडून त्याने तो बदलला, तर दुसऱ्या टायरलाही फुगा आलेला. दुकानं बंद. शेवटी दिसायला भयंकर अशा एका पेट्रोल पंपवाल्याने फोनवर फोन करून जाड टायर मिळवून दिले. स्टाइनबेकने दोष गाडीला दिला नाही, आपल्या सामानाला दिला.

पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये शाळेत जाणाऱ्या एका लहानशा कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्या बायका शिव्या देताना त्याने पाहिलं आणि त्याचं मन प्रवासातून उडालं. सुमारे 10,000 मैलांनंतर तो घरी परतला. 1962 मध्ये पुस्तक आलं आणि त्याच वर्षी नोबेलही मिळालं. अनेक रात्री त्याने हॉटेलात काढल्या होत्या आणि बरेच दिवस बायको बरोबर होती, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पुस्तकात कादंबरीकाराचा हात आहे हे मान्य. 20 डिसेंबर 1968 ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला. रोसिनांते आजही सलिनासच्या नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये उभी आहे.

मला उत्तर मिळालं ते असं. जोड कुटुंबाने जास्तीचा माणूस घेतला कारण त्याला मागे सोडणं त्यांना जमणार नव्हतं, आणि मग ते वाटभर गाडीचा प्रत्येक आवाज ऐकत गेले. मी गाद्या घेतल्या, माणसाला टूलबॉक्सवर बसवलं आणि काकांचं ऐकलंच नाही.

यंदा निघण्याआधी पिकअप वजनकाट्यावर नेली. 180 किलो जास्त भरले. गाद्या उतरल्या, वेल्डिंग मशीन उतरलं, निम्मे पाण्याचे कॅन उतरले. जड सामान अॅक्सलच्या पुढे घेऊन काकांनी स्वतः दोर आवळले. हात बरा झालेला आमचा ज्युनिअर केबिनमध्ये काकांच्या शेजारी बसला. तरीही काटा थोडा जास्तच दाखवत होता. मग मी माझी बॅग घेऊन उतरले आणि एसटीने गेले.