पावाचा एक तुकडा खाल्ला की जात जायची, तेव्हा दादोबा पांडुरंग यांनी काय केलं?

रविवारची दुपार. ठाकूरद्वारच्या एखाद्या चाळीत महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी घालून केक भाजला जातो. कॉफीचे कप भरले जातात, शेजारच्या बिऱ्हाडात एक प्लेट जाते. केक कुणाच्या हातचा, पीठ कुणी भिजवलं, हे कुणी विचारत नाही.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र याच गिरगाव परिसरात पहिला प्रश्न हाच असायचा. केकचं सोडा, साधा पाव खाल्ला तरी माणूस बाटायचा. आणि नेमका हाच पाव हातात घेऊन जातिभेद मोडायचा, असं काही तरुणांनी ठरवलं. त्यांच्यामागे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर.

पावात एवढं काय होतं?

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. शब्दही त्यांचाच. पीठ फुगवायला गोव्यात माडाची ताडी वापरली जायची. म्हणजे पाणी घालून भिजवलेलं पीठ, त्यात ताडी, आणि भट्टीवर ख्रिस्ती माणूस. सोवळं पाळणाऱ्या घराला हे तिन्ही चालणारं नव्हतं. ठाकूरद्वारहून हाकेच्या अंतरावर खोताची वाडी आहे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. शेजार होता, पण एकत्र पंगत नव्हती.

पाव खाल्ल्याची शिक्षा म्हणजे वाळीत पडणं. घरी भटजी येणार नाही, मुलीची सोयरीक जमणार नाही, कुणी गेलं तर खांदा द्यायला माणसं मिळणार नाहीत.

१८४३ मध्ये मुंबईने याचा अनुभव घेतला होता. श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याचा मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण मिशनमध्ये राहून जेवलेल्या मुलाला जातीत परत कसं घ्यायचं, यावरून शहरात रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीसाठी पुढे आले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले.

व्याकरण लिहिणारा मास्तर

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईतला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापून आलं. पुढे मराठी शाळांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या आणि दादोबांना मराठीचे पाणिनी म्हटलं जाऊ लागलं.

नोकरीनिमित्त ते सुरतेला गेले. तिथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. देव एक, माणसाची जात एक, असा त्यांचा विचार होता. १८४६ मध्ये ते मुंबईत परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचं काम बघू लागले. १८४९ मध्ये त्यांच्या प्रेरणेने परमहंस सभा सुरू झाली. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर.

सभासद व्हायची अट

जातिभेद मानत नाही, असं नुसतं तोंडाने म्हणून इथे भागत नव्हतं. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमान माणसाच्या हातचं पाणी प्यावं लागे. भाषण करून माणूस दुसऱ्या दिवशी शब्द फिरवू शकतो. गिळलेला घास मात्र परत घेता येत नाही. म्हणून ही अट साधी दिसली तरी भारी होती.

पण सगळं गुपचूप चालायचं. सभासदांची नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, असा कटाक्ष होता. सभेत पाव खाणारा तरुण घरी मात्र सोवळ्यातल्या पंगतीत बसायचा. सभेचं बळ याच गुप्ततेत होतं आणि तिचा कच्चा दुवाही तोच होता. पुणे, अहमदनगर अशा ठिकाणी शाखा निघाल्या. दादोबा स्वतः १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर होऊन नगरला गेले. तिथे भिल्लांचं बंड शमवल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केलं.

आणि मग १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली. सभासदांची नावं बाहेर आली. घाबरलेले सभासद पांगले आणि परमहंस सभा संपली.

पुढे काय झालं?

१८६७ मध्ये दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. तो उघडपणे चालला, टिकला. ठाकूरद्वार नाक्यावरून गिरगावातून पुढे चालत गेलं की आजही त्याचं मंदिर लागतं. मात्र या समाजाने सभासदांना जात मोडायची सक्ती केली नाही. पाव खायची अट मागे पडली.

दादोबा शेवटपर्यंत लिहीत राहिले. १८६८ मध्ये त्यांचं 'धर्मविवेचन' प्रसिद्ध झालं, १८८० मध्ये 'पारमहंसिक ब्राह्मधर्म'. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचं आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ मध्ये छापलं.

त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडेही होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एवढ्या मोठ्या माणसांनाही एका कपाचा हिशोब द्यावा लागला, मग १८४९ मध्ये पावाचा तुकडा तोंडात टाकणाऱ्या पोरांनी काय पणाला लावलं होतं, याचा अंदाज येतो.

आज गिरगावात शेजारणीने दिलेला केकचा तुकडा आपण पटकन तोंडात टाकतो. ही मोकळीक आपोआप आलेली नाही. तिच्यासाठी कुणीतरी आधी, दार लावून का होईना, पाव खाल्ला होता.