नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

नदीकाठी, खाडीलगत किंवा समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या प्रत्येक शहरापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. पाण्याकाठच्या वस्त्यांचे भवितव्य कोणी ठरवायचे? बहुतेक ठिकाणी प्रथम नकाशा तयार होतो, मग तो जाहीर होतो आणि त्यानंतर रहिवाशांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. तोवर रस्त्यांच्या रेषा पक्क्या झालेल्या असतात आणि त्या रेषांखाली कोणाचे घर येते, हे घरमालकाला सर्वांत शेवटी कळते. हा क्रमच उलटा असला पाहिजे, आधी वस्ती समजून घ्यावी, तेथील माणसांना कामात सामील करावे आणि मग पेन्सिल हाती घ्यावी, असे शंभर वर्षांपूर्वी आग्रहाने सांगणारा एक स्कॉटिश प्राध्यापक मुंबई विद्यापीठात शिकवत होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर राहू लागले. खाली टे नदी आणि तिच्या काठचे शहर, घराभोवती वडिलांनी प्रेमाने फुलवलेली बाग, असे त्यांचे बालपण गेले. शहर आणि त्याभोवतीचा मुलूख एकाच नजरेत सामावून पाहण्याची जी सवय पुढे त्यांच्या विचारांचा पाया ठरली, तिचे मूळ या टेकडीवर शोधता येते.

वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले आणि तेथील रुक्ष शिक्षणपद्धतीला कंटाळून आठवडाभरातच बाहेर पडले. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. १८७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी संशोधन केंद्रात त्यांनी काम केले. १८७९ मध्ये मेक्सिकोच्या मोहिमेवर असताना त्यांच्या डोळ्यांना विकार जडला आणि काही आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे यापुढे शक्य नव्हते. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींवरून त्यांचे लक्ष हळूहळू माणसांच्या वस्त्यांकडे वळले. प्रत्येक सजीव आपल्या परिसराशी बांधलेला असतो, हा जीवशास्त्राचा सिद्धांत त्यांनी शहराला लावला. शहर हे यंत्र नसून सजीव आहे, ते बिघडते तेव्हा त्याला कारागिराची नव्हे, वैद्याची गरज असते, हा त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा गाभा होय.

१८८६ मध्ये लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर या दांपत्याने जो निर्णय घेतला, तो त्या काळच्या सुस्थित समाजाला विक्षिप्त वाटावा असाच होता. एडिंबराच्या जुन्या भागात, एकेकाळी उमरावांची असलेली पण तोवर दाटीवाटीने भरलेली आणि मोडकळीस आलेली उंच घरे होती. सधन कुटुंबे केव्हाच नव्या शहरात निघून गेली होती. गेडिस दांपत्य मात्र १८८७ मध्ये जेम्स कोर्ट येथील अशाच एका इमारतीत राहायला गेले. त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन अंगण साफ केले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे लावली. काही अगदी पडीक भाग पाडून उजेड व हवा आत घेतली आणि उरलेल्या वास्तू दुरुस्त केल्या. सरसकट पाडापाडीऐवजी आवश्यक तेवढाच छेद घेण्याच्या या पद्धतीला ते पुढे शस्त्रक्रियेची उपमा देऊ लागले. रोगट भाग तेवढा काढायचा, निरोगी अवयवाला धक्का लावायचा नाही. मुख्य म्हणजे या साऱ्या कामात रहिवासी उठवले जात नव्हते, तेच ते काम करत होते.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबराच्या किल्ल्याजवळची एक उंच इमारत घेऊन तिचे आउटलुक टॉवर असे नामकरण केले. माथ्यावरच्या कॅमेरा ऑब्स्क्युरामधून शहराचे हलते चित्र दिसे आणि खालच्या प्रत्येक मजल्यावर शहर, देश, खंड, जग अशी क्रमाने दालने होती. सामान्य नागरिकाने येथे यावे, आपले शहर न्याहाळावे आणि त्याच्याविषयी मत बनवावे, हा त्यामागचा हेतू. या केंद्रातील कार्यकर्त्यांनी जुन्या शहरातील सुमारे पाऊणशे मोकळे तुकडे शोधून काढले आणि त्यांतील काहींच्या बागा केल्या. त्यात गेडिस यांची कन्या नोरा यांचा पुढाकार होता. दरम्यान १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. टे नदीच्या मुखाशी वसलेल्या, आपल्याकडच्या बंगालच्या तागावर गिरण्या चालवणाऱ्या या बंदराच्या शहरात त्यांनी तीस वर्षे उन्हाळी सत्रात अध्यापन केले.

नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंतचा उभा छेद ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध आकृती. डोंगरावर खाणकामगार, जंगलात लाकूडतोड्या व शिकारी, उतारावर मेंढपाळ, सपाटीवर शेतकरी व माळी आणि अखेरीस किनाऱ्यावर कोळी. शहर हे या साऱ्या व्यवसायांच्या संगमातून जन्मते, म्हणून किनाऱ्यावरील शहराचा विचार डोंगरापासून सुरू झाला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि अरबी समुद्राच्या काठी राहणाऱ्या वाचकाला ही आकृती परकी वाटण्याचे कारण नाही. या छेदात कोळी हा किनाऱ्यावरचा अडथळा नसून शहराच्या मूळ घडणीचा एक घटक आहे.

भारतात ते आले १९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन स्वतंत्रपणे क्लॅन ग्रँट या जहाजाने निघाले होते. पहिले महायुद्ध पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडवले आणि अनेक वर्षांचा संग्रह तळाला गेला. मित्रांनी धडपड करून नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन उभे राहिले. नगररचना ही तज्ज्ञांच्या कपाटात राहता कामा नये, ती सर्वांसमोर मांडली जावी आणि लोकांनी तिच्यावर बोट ठेवून बोलावे, या विश्वासामुळेच त्यांनी प्रदर्शनाचा एवढा ध्यास घेतला होता.

पुढील काही वर्षांत त्यांनी भारतातील पन्नासच्या आसपास शहरांसाठी अहवाल लिहिले. मदुरा, तंजावर, ठाणे, नागपूर, बडोदा, लखनौ, ढाका, लाहोर, बलरामपूर अशी ही नामावळी लांबलचक आहे. त्यांची कामाची रीत ठरलेली असे. शहरात पोहोचल्यावर ते पहाटेपासून पायी हिंडत. गल्लीबोळ, विहिरी, देवळे, पार, बाजार नजरेखाली घालत. अभियंत्यांनी कागदावर मारलेल्या सरळ रेषा त्यांना खटकत, कारण अशा प्रत्येक रेषेबरोबर किती कुटुंबे बेघर होतात आणि ती शेजारच्या गल्लीत गर्दी करून तेथील आरोग्य कसे बिघडवतात, हे त्यांनी पाहिले होते. त्याऐवजी एखादे पडके घर काढून चौक करावा, तेथे झाड लावावे, बोळाचे एखादे वळण रुंद करावे, असे ते सुचवत. तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीबाबत त्यांनी दाखवून दिले, की ही पद्धत अधिक माणुसकीची तर आहेच, शिवाय ती पुष्कळ स्वस्तही पडते.

पाण्याविषयीचा त्यांचा आग्रह विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हिवतापाच्या भीतीने त्या काळी शहरोशहरी तलाव बुजवण्याची मोहीम चालू होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. तलाव पावसाचे पाणी धरून ठेवतात, पूर आवरतात, हवा थंड राखतात आणि त्यांच्या काठी गावाचे सामाजिक जीवन फुलते, हे त्यांनी पुनःपुन्हा मांडले. डासांवर उपाय हवा असेल, तर पाण्यात मासे आणि बदके सोडावीत व काठ स्वच्छ राखावेत, हा त्यांचा जीवशास्त्रज्ञाचा सल्ला होता. घाट, पायऱ्या आणि देवळे असलेला भारतीय नदीकाठ हे त्यांच्या लेखी मागासलेपणाचे लक्षण नव्हते. युरोपातील शहरांनी गमावलेले वैभव त्यांना तेथे दिसत होते.

या विचारांची सर्वांत मोठी कसोटी लागली ती मराठी संस्कृतीशी घट्ट नाते असलेल्या होळकरांच्या इंदुरात. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबारासाठी त्यांनी तयार केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंदुरात प्लेगचे थैमान होते. हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरणारा हा दाढीवाला गोरा म्हातारा पाहून लोक घाबरत. हाच प्लेग आणतो, अशी कुजबुजही त्यांच्या कानी आली. सरकारी माणूस मोजमाप करू लागला, की त्यामागून पाडापाडी येते, हा लोकांचा अनुभव होता आणि त्यांची भीती अनाठायी नव्हती.

गेडिस यांनी फर्मान काढले नाही, सण निवडला. एका दिवसासाठी महाराजांचा अधिकार त्यांनी मागून घेतला आणि जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील रहिवासी आपली घरे आणि रस्ते सर्वाधिक स्वच्छ करतील, तेथून ती जाईल. शहरात चुरस लागली. घरे झाडली गेली, रंगवली गेली, वर्षानुवर्षांचा केरकचरा गाड्या भरभरून बाहेर पडला आणि त्याबरोबर प्लेगच्या उंदरांचे आश्रयस्थानही गेले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा उंदीरही होता. मागोमाग स्वच्छ पोशाखातील, हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. नगरदेवतेच्या रथाबरोबर भावी शहराचा आराखडा मिरवला गेला, लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली आणि रात्री त्या राक्षसाचे दहन झाले. कागदावरची योजना लोकांच्या उत्सवाचा भाग झाली होती.

अहवालात कान्ह आणि सरस्वती या शहरातून वाहणाऱ्या नद्यांना मध्यवर्ती स्थान होते. नदीकाठाने बागा कराव्यात, घाट दुरुस्त करावेत, वाचनालय, संग्रहालय यांसारख्या सार्वजनिक संस्था शहराच्या आराखड्यात सामावून घ्याव्यात, अशी त्यांची कल्पना होती. मैला खर्चिक गटारांतून नदीत सोडण्यापेक्षा तो खत म्हणून बागांना व शेतीला द्यावा, असेही त्यांनी सुचवले. या सूचनांपैकी थोड्याच अमलात आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही नद्यांची जवळजवळ गटारे झाली. २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळवणाऱ्या इंदूरलाही नद्यांचे हे दुखणे सहज बरे करता आलेले नाही.

इंदूरच्या कामाच्या याच काळात त्यांच्यावर वैयक्तिक आघात कोसळले. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलिस्टर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. पत्नी अ‍ॅना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाच्या मृत्यूची बातमी गेडिस यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवली आणि जूनमध्ये त्याही गेल्या. तीस वर्षांची सहकारी गमावलेला हा माणूस कामातच आधार शोधत राहिला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा नवा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना पाचारण केले. त्यांचे बोलणे विषयावरून विषयावर उड्या मारी, लिखाणही अनेकदा विस्कळीत असे. पण माणूस हेरण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. मुंबई शहरावर निबंध लिहिणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाचे गुण त्यांनी ओळखले. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आलेले घुर्ये १९२४ मध्ये याच विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा त्यांनी उभी केली. रवींद्रनाथ टागोरांशी गेडिस यांचा स्नेह होता आणि जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी १९२० मध्ये लिहिले.

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी मुंबई सोडली. १९२५ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी वाढू लागलेल्या तेल अवीवचा आराखडा त्यांनी केला. लहान-लहान वस्त्या आणि प्रत्येकीच्या पोटात सार्वजनिक बाग ही त्याची रचना. त्यावर उभा राहिलेला श्वेत नगर हा भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे घालवली. १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मर्यादाही दृष्टीआड करून चालणार नाहीत. संस्थानिक आणि वसाहतीचे सरकार हेच त्यांचे यजमान होते. दिवाळीच्या एका दिवशी सफाई कामगारांना हार घातले गेले, परंतु आराखड्याविषयी अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार ना त्यांच्याकडे आला, ना इतर रहिवाशांकडे. बहुतेक अहवाल दप्तरी पडून राहिले, कारण त्यांची अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती, त्यांना सरळ रेषाच सोयीच्या होत्या. लोकांचा सहभाग राजाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर राजाची मर्जी फिरताच तो संपतो.

स्वतंत्र भारतात ही उणीव कायद्याने काही प्रमाणात भरून निघाली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती घेण्याचा हक्क नागरिकांना दिला. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा लोकांच्या तीव्र विरोधामुळे मागे घ्यावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तरीही हरकत म्हणजे सहभाग नव्हे. हरकत घेणारा दुसऱ्याने काढलेल्या रेषेला विरोध करत असतो, सहभागी होणारा ती रेष कोठे असावी, हे सांगत असतो. कोळीवाड्यात मासळी कोठे सुकते, होड्या कोठे ओढून ठेवतात, भरतीचे पाणी कोणत्या गल्लीत शिरते, हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक असते. ते ज्ञान नकाशाच्या आधी कागदावर आले पाहिजे, नंतर नव्हे. गेडिस यांच्या अहवालांवरची धूळ झटकण्यासारखे काही असेल, तर ते हेच.