खटल्यापलीकडच्या डॉ. रखमाबाई

मुंबई उच्च न्यायालयात १८८४ ते १८८८ या काळात गाजलेल्या एका खटल्याने रखमाबाईंचे नाव इतिहासात नोंदवले. अजाण वयात लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवणारी तरुणी, हीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सांगितली जाते. तो खटला चार वर्षे चालला. त्यानंतर याच रखमाबाईंनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि सुमारे पस्तीस वर्षे सुरत व राजकोट येथे हजारो स्त्रियांवर उपचार केले. त्या पस्तीस वर्षांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. वास्तविक न्यायालयात त्यांनी जे नाकारले आणि रुग्णालयात त्यांनी ज्याच्याशी झुंज दिली, त्या दोन्हींचे मूळ एकच होते.

आईचे आयुष्य डोळ्यांसमोर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्या वेळी रखमाबाई जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या. सुतार समाजात विधवाविवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावे करून दिली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा या मालमत्तेचाही विषय निघाल्यावाचून राहिला नाही.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामवंत डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजशी त्यांचा निकटचा संबंध होता. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. वैद्यकशास्त्रावर त्यांनी मराठीत लेखनही केले. अशा घरात वाढूनही रखमाबाईंचे लग्न रूढीप्रमाणे अकराव्या वर्षीच झाले. वर होते दादाजी भिकाजी, वय वर्षे एकोणीस. दादाजींनी सासऱ्यांच्या आधाराने राहून शिक्षण पूर्ण करावे, असे ठरले होते. त्यांचे शिक्षण मात्र अर्धवटच राहिले.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या आणि सासरच्या मंडळींनी गर्भाधानाचा आग्रह धरला. सखाराम अर्जुन यांनी त्याला नकार दिला. मुलगी वयात आली म्हणजे तिचे शरीर मातृत्वाला सिद्ध झाले, असे होत नाही, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. वयात आल्यानंतरही काही वर्षे मुलीची कंबरेची हाडे वाढत असतात. ती वाढ पूर्ण होण्याआधी बाळंतपणाची वेळ आली तर मूल अडते, आणि त्या काळी मूल अडणे म्हणजे बहुधा आई व बाळ दोघांनाही मुकणे होते. त्यातून आई वाचलीच, तर आयुष्यभराचे दुखणे पदरी पडे. रखमाबाई त्यामुळे माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती, पण मिळतील ती पुस्तके आणून त्यांनी घरीच इंग्रजीचा अभ्यास केला.

नकाराची किंमत

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाण वयात जिचे लग्न झाले आणि जी नवऱ्याबरोबर कधी राहिलीच नाही, तिला न्यायालयाच्या बळावर त्याच्या स्वाधीन करणे त्यांना मान्य झाले नाही. या निकालाने एकच गहजब उडाला. हिंदू धर्मात सरकारी हस्तक्षेप झाल्याची ओरड झाली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी निकालावर कठोर टीका केली, तर बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्येच 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाहावर पत्रे प्रसिद्ध झाली होती. त्या पत्रांच्या लेखिका रखमाबाई होत्या, हे पुढे उघड झाले. सखाराम अर्जुन मात्र हा निकाल ऐकण्यास राहिले नव्हते. १८८५ च्या एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले होते.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल फिरवला गेला आणि दावा पुन्हा सुनावणीस आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निर्णय दिला. रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस तयार राहावे. रखमाबाईंनी कैद निवडली.

याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन झाले होते. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाईंना एकाही स्त्रीवर येथे उपचार करण्याची संधी मिळाली नाही. महाराष्ट्राने आपली पहिली स्त्री डॉक्टर गमावली, त्याच आठवड्यात भावी डॉक्टर असलेल्या दुसऱ्या स्त्रीला कैदेचा हुकूम झाला, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून रखमाबाईंचे लग्न रद्द केले, अशी एक कथा आजही मोठ्या प्रमाणावर सांगितली जाते. प्रत्यक्षात खटल्याचा शेवट साध्या तडजोडीने झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. पण कायद्याने लग्न मोडलेही नाही.

कामा रुग्णालय ते लंडन

खटल्याच्या काळात रखमाबाईंना ज्यांचा आधार मिळाला, त्यांत डॉ. एडिथ पीची अग्रभागी होत्या. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या सात स्त्रियांपैकी त्या एक. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाती चालणाऱ्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. हे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. परपुरुषासमोर अंग उघडे करण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या स्त्रिया तेथे येऊ लागल्या. स्त्री डॉक्टर असेल तर स्त्रिया दवाखान्याची पायरी चढतात, हे कामा रुग्णालयाने सिद्ध केले. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावे, यासाठी डॉ. पीची यांनी पुढाकार घेतला, निधी जमवला आणि १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला रवाना झाल्या.

'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन' या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तेव्हा संस्थेच्या डीन होत्या. प्रत्यक्ष रुग्णांवरील शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मिळे. १८९४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील वैद्यकीय परवान्याची परीक्षा दिली. ब्रुसेल्स येथेही त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो व एडिंबरा येथे रूढ केलेली जंतुनाशक उपचारपद्धती तोवर वैद्यकीय शिक्षणाचा पाया झाली होती. हात, हत्यारे आणि कपडे निर्जंतुक ठेवले तर कितीतरी मृत्यू टळतात, ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हाच्या हिंदुस्थानातील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती.

सुरतेतील बावीस वर्षे

मायदेशी परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्री रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. तेथील स्थिती बिकट होती. बाळंतपण ही घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, सुईणीच्या हातून उरकायची गोष्ट मानली जाई. बाळंतीण विटाळशी, म्हणून तिच्या वाट्याला घरातील जुनीपानी, मळकी वस्त्रे येत. खोलीची दारेखिडक्या बंद करून शेगडी पेटवली जाई. जे हत्यार हाताशी सापडेल त्याने नाळ कापली जाई. अशा नाळेतून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत, आणि सुईणीच्या न धुतलेल्या हातांवाटे बाळंतिणीला ज्वर येई. या मृत्यूंचा दोष दैवाला किंवा दृष्टीला दिला जाई. रुग्णालयाविषयी तर भीतीच होती. तेथे गेलेली स्त्री परत येत नाही, असा समज होता.

या संदर्भात एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. रुग्णालय ओस पडलेले पाहून रखमाबाईंनी एका गाभण शेळीला तेथे आणवले आणि तिची सुखरूप सुटका केली. शेळी व करडू धडधाकट बाहेर पडलेले पाहून लोकांची भीती ओसरली आणि बायका येऊ लागल्या, असे म्हणतात. कथेचा तपशील काहीही असो, तिचे मर्म खरे आहे. औषधाआधी विश्वास मिळवावा लागतो, हे रखमाबाईंना उमगले होते.

वीसएक वर्षांत त्यांनी तो विश्वास कमावला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि लवकरच ती साथ गुजरातेतही पसरली. घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे लोक सरकारी डॉक्टरांना बिचकत होते. अशा काळात रखमाबाई सुरतेत ठाण मांडून राहिल्या. त्यांच्या सेवेची दखल घेऊन सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले.

१९१७ मध्ये त्यांना शासकीय स्त्री वैद्यकीय सेवेत पद देऊ करण्यात आले. ते त्यांनी नाकारले आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी स्वीकारली. निवृत्तीपर्यंत त्या तेथेच होत्या. काठियावाडातील संस्थानी मुलखात पडद्याची चाल कडक होती. अनेक स्त्रियांना ऊन आणि मोकळी हवा दुर्मीळ होती, आणि आजार पराकोटीला गेल्याखेरीज त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नसत. १९२९ मध्ये पडदापद्धती नष्ट व्हावी, असे प्रतिपादन करणारा लेख रखमाबाईंनी लिहिला. त्यामागे तीन दशकांहून अधिक काळचा वैद्यकीय अनुभव होता.

दादाजींचे १९०४ मध्ये निधन झाले. ज्या विवाहाला रखमाबाईंनी कधी मान्यता दिली नाही, त्या विवाहाचे वैधव्य त्यांनी पांढरी साडी नेसून पाळले, असे सांगतात. अनेकांना ही विसंगती वाटते. रूढ समाजातील स्त्रियांनी आपल्यापाशी नि:संकोच यावे, यासाठी त्यांनी ही तडजोड केली असेल काय? याचे उत्तर त्या आपल्याबरोबरच घेऊन गेल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

अपुरे राहिलेले काम

खटल्यातून उठलेल्या वादळाची परिणती १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात झाली. त्याआधी १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मृत्युमुखी पडली होती. नव्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. इतक्या छोट्या पावलालाही देशभर प्रखर विरोध झाला, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रखमाबाईंचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. मुलीच्या विवाहाचे किमान वय पंधरा ठरले आणि घटस्फोटाचा हक्क मिळाला. हे वय १९७८ मध्ये अठरा झाले. दादाजींनी ज्याचा आधार घेतला होता, ती वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद मात्र याच कायद्याच्या नवव्या कलमात कायम राहिली.

आकडेवारी पाहता रखमाबाईंचे अर्धे काम पूर्ण झाल्यासारखे वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत होतात. शेळीची गोष्ट सांगून बायकांना बोलावण्याची वेळ आता सहसा येत नाही. पण त्याच सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के होते. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आपले दुखणे अंगावर काढणारी, घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणारी आणि डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलणारी स्त्री शहरांतील सुशिक्षित घरांतही दिसते.

२०१६ मध्ये रखमाबाईंच्या जीवनावर मराठी चित्रपट आला आणि २०१७ मध्ये त्यांच्या जयंतीला गुगलने डूडल करून मानवंदना दिली. या निमित्तांनी त्यांचा खटला नव्या पिढीला कळला. त्या खटल्यातील बाणेदार तरुणीइतकीच, सुरतेच्या ओस पडलेल्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाची वाट पाहत बसलेली आणि पुढे बावीस वर्षे तेथून न हललेली डॉक्टरही स्मरणात राहायला हवी. कारण वीस-चोवीस वर्षांच्या प्रत्येकी शंभर स्त्रियांमागे तेवीस जणी अजूनही रखमाबाईंच्या नकाराच्या अलीकडे उभ्या आहेत.