पंडित विष्णु दिगंबर पलुसकर
गाणे शिकू पाहणारे आमचे मित्र विचारतात, गुरूच्या घरी राहण्याची सोय नसेल तर शिकावे कसे? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मलाही हा प्रश्न परका नाही.

पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, शाळा सुटली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ ते शिकले, तेही जुन्या रीतीने, गुरुगृही राहून. पण १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी चक्क गाण्याची शाळा काढली, गांधर्व महाविद्यालय! वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपीची छापील पुस्तके. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी गेली. व्यवहार साधला नाही म्हणा. मला ते धाडस मोठे वाटते. १९३१ मध्ये ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापले. आमच्या गल्लीतील दोघी यंदा त्याच मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसणार आहेत. तंबोरा दोघींच्याही घरी नाही.